तांडा ते माहूर

१ जानेवारी २०२५, बुधवार

कामाच्या नोंदवहीत ‘शेरा’ या रकान्याला दीड इंच जागा आहे. तिथे मावणार नाही ते इथे लिहीन.

आज चौकी सुरू झाली. आर्णी आणि महागावच्या मधे, महामार्गाच्या डाव्या हाताला पत्र्याची एक खोली आणि तिच्यासमोर रुग्णवाहिका. संस्थेचं नाव ‘वाटसोबत’. रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशांना अपघात झाला किंवा ते अचानक आजारी पडले, तर जागेवर उपचार करून दवाखान्यात पोचवायचं. मी आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, वेळ सकाळी आठ ते रात्री आठ. चालक राजकुमार राठोड, वय चौतीस. घर मागच्या तांड्यात, रस्त्यापासून एक किलोमीटर चारशे मीटर आत.

तीन महिन्यांची चाचणी आहे. फोन आल्यापासून पोचेपर्यंतचा वेळ सरासरी पंधरा मिनिटांच्या आत राहिला नाही, तर ३१ मार्चला चौकी बंद आणि गाडी दुसऱ्या जिल्ह्यात. राजकुमारने विचारलं, बंद झाली तर तुमचं काय? मी सांगितलं, नागपूरच्या एका रुग्णालयाचं बोलावणं आहे, १५ मार्चपर्यंत कळवायचं आहे. त्याचं काय, हे मी विचारलं नाही.

४ जानेवारी

पहिला फोन. तुळजापूरहून परतणारी गाडी दुभाजकावर चढली होती. कुठे आहात, असं विचारलं. उत्तर आलं, “दोन्ही बाजूला कापूस दिसतो आहे.” जिल्ह्यात दुसरं काय दिसणार?

पोचायला ३१ मिनिटं लागली. त्यातली १७ शोधण्यात गेली. एकाच्या गळपट्टीचं हाड मोडलं होतं, बाकी सगळे ठीक. आम्ही शोधत असताना त्यांनी सोबतचा चिवडा संपवला होता आणि आम्हाला देता आला नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं.

९ जानेवारी

सकाळी फोन: चौकीपासून दोनशे पावलांवर एक प्रवासी जखमी. दोन मिनिटांत पोचलो. चहाच्या टपरीसमोर एक पन्नाशीचा माणूस उभा होता. पायावर विळ्याचा खोल वार, काखेत लाल रेक्झिनची बॅग. राजकुमार त्याच्याकडे बघत नव्हता. जखम धुतली, पट्टी बांधली आणि अर्ज काढला. अर्जात ‘कुठून’ आणि ‘कुठे’ असे दोन रकाने आहेत.

कुठून, असं विचारलं तर म्हणाला, इथून. कुठे? त्याने थोडा विचार केला आणि हात लांब करून म्हणाला, “तिकडे.”

टपरी त्याचीच होती. नाव धरमसिंग, राजकुमारच्या बायकोचा भाऊ. गाडी फक्त प्रवाशांना घेते हे तांड्यात कळलं होतं, म्हणून तो प्रवासी होऊन आला होता. बॅग उघडून बघितली. आत एक उशी होती.

राजकुमार म्हणाला, “मॅडम, आर्णी ते माहूर लिहून टाका ना. कोन पाह्यते?”

मी खोटं लिहीत नाही, असं सांगितलं. लिहिलं: ‘टपरी ते टपरी.’ टाके घालायला त्याला पाठवून दिलं.

१७ जानेवारी

आठ दिवसांत तीन स्थानिक ‘प्रवासी’. एकीला विंचू चावला होता, एकाला दम लागला होता, एकीचा हात गिरणीच्या पट्ट्यात आला होता. तिघांकडे बॅग तीच. ती आता टपरीत खिळ्याला टांगलेली असते. गरज पडेल त्याने घ्यायची. आतली उशी काढून कोणीतरी टॉवेल ठेवला आहे. सुधारणा म्हणायची.

दुसरी रुग्णवाहिका मागवता येते, पण ती लांबून येते, चाळीस मिनिटं तरी लागतात. हे मला माहीत आहे. नियम मात्र स्पष्ट आहे: प्रवासी, आणि महामार्गाच्या कडेपासून शंभर मीटरच्या आत. नियम मी केलेला नाही.

महिन्याची सरासरी आत्तापर्यंत २३ मिनिटं.

२४ जानेवारी

दुपारी राजकुमारची आई आली. भुरीबाई, वय चौसष्ट, अंगात आरशांची कांचळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. राजकुमार तिला याडी म्हणतो, त्यांच्या बोलीत आई. न विचारता खुर्चीवर बसली आणि माझ्याकडे निरखून बघत राहिली. मग म्हणाली, “तू हासत काहून नाही वं? दात दुखते का?”

दात ठीक आहेत, असं सांगितलं.

भिंतीवर मी रस्त्याचा नकाशा लावला आहे, त्यावर किलोमीटरचे आकडे. ते काय, तिने विचारलं. लोकांना आपण कुठे आहोत ते सांगता येत नाही, त्यातच वेळ जातो, असं मी सांगितलं. तिला ते खरंच वाटेना. रस्त्यावर उभं असून जागा माहीत नाही म्हणजे काय? तिच्या पणज्याचे लोक बैलांवर मीठ आणि धान्य लादून याच वाटेने जायचे. जिथे थांबले, जिथे काही मोडलं, कोणी मेलं, जन्मलं, त्या जागेला नाव पडलं. मोतीची चढण, म्हणजे मोती नावाचा बैल जिथे बसला तो बसलाच. तुटल्या चाकाचा नाला. दोघी बहिणी, म्हणजे दोन कडुनिंब.

मी गाडी काढायला लावली. तिला पुढे बसवून वीस किलोमीटर गेलो आणि आलो. तिने एकोणचाळीस नावं सांगितली. प्रत्येकापुढे मी आकडा लिहिला. परत येताना ती राजकुमारला त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली आणि दोघं हसले. अर्थ विचारला नाही.

२ फेब्रुवारी

रस्त्याकडेच्या शेतांत कापूस वेचणाऱ्या बहुतेक बाया तांड्यातल्या आहेत आणि प्रत्येकीच्या कमरेला मोबाईल खोचलेला असतो. राजकुमारची बायको पुष्पा हिने सगळ्यांना चौकीचा नंबर दिला. आज तिचाच फोन होता: “मोतीची चढन, मोटारसायकल, दोघं, एक उठून बसला, एक नाही.” पंधरा शब्दही नाहीत. मी सहा महिने प्रशिक्षण घेतलं तेव्हा इतकी नीट माहिती देता यायला लागली होती.

९ मिनिटं. न उठलेला आता शुद्धीवर आहे.

११ फेब्रुवारी

दोघी बहिणींपाशी ट्रक उभा, चालक स्टिअरिंगवर पडलेला. आम्ही पोचलो तेव्हा चार बाया केबिनच्या पायरीवर चढून त्याला रागवत होत्या; दिवसाढवळ्या पिऊन गाडी चालवतो म्हणून. बोटातून रक्त घेतलं. साखर ३८. दारूचा वास नाही. शिरेतून ग्लुकोज दिलं. सहाव्या मिनिटाला डोळे उघडून त्याने पहिला प्रश्न विचारला, टोमॅटो ठीक आहेत का. ठीक होते. बायांना फार ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी त्याला आपल्या डब्यातली भाकरी-चटणी संपेपर्यंत खाली उतरू दिलं नाही.

त्याने हैदराबादला पोचल्यावर फोन केला. चौकीला नाही, पुष्पाला.

महिन्याची सरासरी ११ वर आली आहे.

२० फेब्रुवारी

लाल बॅग सातव्यांदा आली. या वेळी ताप असलेली म्हातारी, आणि बॅगेत खराखुरा प्रवासाचा ऐवज: लुगडं, कंगवा, गुळाचा खडा. मला राग आला. तांड्याच्या लोकांना टपरीवर बोलावून शांतपणे सांगितलं. बॅग घेतल्याने कोणी प्रवासी होत नाही. खरंच कुठेतरी जायला निघालेला माणूस, आणि तोही रस्त्यावर, तरच मी अर्जावर प्रवासी लिहू शकते. मला खोटं लिहायला लावू नका.

कोणी वाद घातला नाही. धरमसिंगने मान डोलावली. भुरीबाई म्हणाली, “बरोबर हाय तिचं. पोरीच्या हातून खोटं लिव्हून घेऊ नका.”

विषय संपला, ही चांगली गोष्ट झाली.

४ मार्च

तिसरा रोजा. अम्मी खजूर बांधून देते. चौकीत इफ्तार करावी लागणार हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आज संध्याकाळी सहा चोवीसला पुष्पा चहाची किटली आणि कापलेली पपई घेऊन आली आणि दाराबाहेर उभी राहिली. आत ये म्हटलं तर म्हणाली, अजून दोन मिनिटं आहेत. धरमसिंगने आर्णीच्या मशिदीचं वेळापत्रक आणून टपरीत चिकटवलं आहे.

चहा फार गोड होता. दोन कप घेतले.

९ मार्च, रविवार

अब्बांचं आर्णीला गॅरेज आहे. गाडीच्या सायरनचा आवाज फाटतो असं मी घरी बोलले होते. आज ते स्वतः हत्यारं घेऊन आले. सायरन दहा मिनिटांत नीट झाला, पण अब्बा चार तास थांबले. भुरीबाईने त्यांना मोतीच्या चढणीची गोष्ट सांगितली, त्यांनी तिला १९८८ च्या एका जीपची. निघताना म्हणाले, “गझाला, नागपूर को जवाब दिया क्या?”

अजून सहा दिवस आहेत, असं सांगितलं. ते माझ्याकडे बघून नुसतंच हसले. अब्बा कधीकधी विनाकारण हसतात.

१४ मार्च

धुळवड. तांड्यात सकाळपासून लेंगी, म्हणजे त्यांची होळीची गाणी. रंग लावू का, असं बायांनी आधी विचारलं. नको म्हटलं, तर लांबूनच फेर धरून एक गाणं म्हटलं. त्यात माझं नाव तीनदा आलं आणि ‘टपरी ते टपरी’ एकदा. राजकुमारने पूर्ण अर्थ सांगायला नकार दिला.

१६ मार्च

नागपूरला कळवायचं राहून गेलं. माझ्याकडून अशा गोष्टी सहसा राहत नाहीत.

१८ मार्च, मंगळवार

सावकाश लिहिते.

९:४८ ला फोन. पुष्पाचा आवाज, पण नेहमीचा नाही. “रोडवर पेशंट हाय. परवासी हाय. लवकर या.”

९:५२ ला पोचलो. रस्त्याच्या कडेला, बरोबर पांढऱ्या पट्टीला लागून, खाट. खाटेभोवती सहा पुरुष, घामाने भिजलेले. खाटेवर भुरीबाई. पायाशी लाल बॅग. राजकुमारने ब्रेक दाबला तो गाडी बंद करायलाच विसरला.

ती पहाटे मोहाची फुलं वेचायला गेली होती. झाडावर आग्या मोहोळ होतं. माशा उठल्या. वीस-पंचवीस डंख तरी होते. ओठ, पापण्या सुजलेल्या, श्वासात शिट्टी, रक्तदाब ७० वर ४०. अॅड्रेनालिन अर्धा मिलिग्रॅम मांडीत. प्राणवायू, सलाईन. पाच मिनिटांनी दुसरा डोस. हात स्थिर होते, हे मी तपासलं.

१०:०४ ला तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खिशातल्या पेनाकडे. घोगऱ्या आवाजात म्हणाली, “लिव्ह. माहूरले जाऊन राह्यली मी.”

बॅगेत ओढणी होती, फडक्यात भाकरी, आणि एक नारळ. देवीसाठी.

मी लिहिलं. कुठून: तांडा. कुठे: माहूर.

आर्णीच्या रुग्णालयात पोचेपर्यंत रक्तदाब ११० वर ७० होता. राजकुमार गाडी नीट चालवत होता. आरशात फक्त दोनदा बघितलं.

नंतर पुष्पाकडून कळलं ते असं. डंख ९:२० च्या सुमाराला. ९:२४ ला पुष्पाने फोन हातात घेतला होता. लावला नाही. तांडा शंभर मीटरच्या बाहेर. मॅडमला एक तर नाही म्हणावं लागेल, नाही तर खोटं लिहावं लागेल. म्हणून आधी नारळ बांधला, बॅग भरली, आणि खाट उचलून एक किलोमीटर चारशे मीटर धावत रस्त्यापर्यंत आणली. तांड्यापर्यंत गाडी जायला सात मिनिटं लागतात.

नोंदवहीत हा फोन ४ मिनिटांचा दिसतो. तीन महिन्यांतल्या सर्वांत चांगल्या वेळांपैकी एक.

खरा आकडा २८. त्यातली चोवीस मिनिटं माझ्या बोलण्याने गेली.

१९ मार्च

भुरीबाईला दुपारी घरी सोडलं. चेहरा अजून सुजलेला. मी तिला समजावून सांगितलं की पुढच्या वेळी कोणालाही रस्त्यावर आणायचं नाही, तिथूनच फोन करायचा, गाडी आत येईल.

“आन् तुया रकाना?” तिने विचारलं.

रकान्याचं मी बघते, असं सांगितलं. तिने माझी हनुवटी धरून चेहरा इकडे-तिकडे फिरवला आणि राजकुमारला मराठीतच म्हणाली, “पाह्य, रडते. म्हंजे दात ठीक हायेत.”

धूळ होती. खाटेची धूळ.

२५ मार्च

या आठवड्यात गाडी तीनदा तांड्यात नेली. एक साप (बिनविषारी), एक फिट, एक विहिरीच्या काठावरून पडलेला माणूस. तिन्ही नोंदी जशा घडल्या तशा: ‘स्थानिक रहिवासी. महामार्गापासून १.४ किमी. नियमाबाहेर. निर्णय माझा.’ राजकुमारने वाचलं आणि म्हणाला, मॅडम, तुम्ही आपल्याच हातानं आपला कागद फाडून राह्यल्या. लाल बॅग टपरीवरून उतरवून त्याने चौकीत आणून ठेवली आहे. का, ते सांगितलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

संस्थेचे पाहणी अधिकारी आले. साठीचे, कमी बोलणारे, चष्मा दोरीला. मला बरं वाटलं. कमी बोलणारी माणसं वेळ खात नाहीत. नोंदवही दोन तास वाचली. एकूण फोन ६४, सरासरी १४.७ मिनिटं. म्हणाले, थोडक्यात पण बसतं. टिकवता येईल.

राजकुमार दाराशी उभा होता. त्याने डोळे मिटले.

मी सांगितलं, १८ मार्चची नोंद दुरुस्त करायची आहे. चार नाही, अठ्ठावीस मिनिटं.

त्यांनी कागदावर हिशेब केला. माझा आधीच झाला होता: १५.१.

“वेळ फोन आल्यापासून मोजतात,” ते म्हणाले. “नियमानं चारच.”

“हो. नियमामुळेच फोन चोवीस मिनिटं उशिरा आला.”

मग मी सगळं सांगितलं. बॅग, टपरीवरचं माझं भाषण, खाट. अर्जातलं ‘माहूर’ खरं नव्हतं, हेही. आणि वेगळी काढलेली यादी पुढे ठेवली: ६४ पैकी ४१ फोन तांड्याच्या लोकांनी प्रवाशांसाठी केले होते. ते वगळले तर सरासरी २३ च्या खाली येत नाही. ज्यांच्यामुळे आपण प्रवाशांपर्यंत पोचतो, त्यांच्यापर्यंत पोचायला आपल्याला बंदी आहे.

ते बराच वेळ भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते. एकोणचाळीस नावं. मग बोटाने दाखवून विचारलं, “हा मोती कोण?”

राजकुमारने सांगितलं. पूर्ण गोष्ट, बैलाच्या स्वभावासकट. त्यांनी चहा मागितला.

जाताना मला एवढंच म्हणाले की हे सगळं एका पानात लिहून पाठवा. मी अर्ध्या पानात लिहिलं.

संध्याकाळी राजकुमार इफ्तारला स्वतः किटली घेऊन आला आणि म्हणाला, “चार राहू दिले असते तं चाललं असतं, मॅडम.”

मला माहीत आहे, असं मी म्हटलं.

“याडी म्हने, नाही चाललं असतं.” मग चहा ओतला.

३१ मार्च, सोमवार

ईद. नमाजच्या वेळी अम्मी शेवया ढवळत होती तेव्हा संदेश आला. चौकी एक वर्ष चालू राहील. ‘शंभर मीटर’ च्या जागी ‘दोन किलोमीटर’, ‘प्रवासी’ च्या जागी ‘प्रवासी आणि परिसरातील व्यक्ती’. खाली दुसरं पत्र: तीन वेळा नियमभंग केल्याबद्दल मला समज. दोन्ही पत्रांवर सही एकच आहे. मला हे व्यवस्थित वाटलं.

अब्बांनी विचारलं नाही, पण शीरखुर्म्याचा मोठा डबा भरून ठेवला होता. तो घेऊन मी चौकीवर गेले. राजकुमारने पत्र दोनदा वाचलं आणि धरमसिंगच्या टपरीवर जाऊन सायरन वाजवल्यासारखा ओरडला. डबा अकरा मिनिटांत संपला.

भुरीबाईने मात्र आनंद वगैरे बाजूला ठेवला. परवा सुट्टी आहे ना तुले, म्हणाली. आहे म्हटलं.

“मंग चाल. नारळ तसाच पडून हाय.”

२ एप्रिल, बुधवार

सकाळी नऊ पाचला तांड्यातून निघालो. भुरीबाई, मी आणि लाल बॅग. एसटीत खिडकीची जागा तिने घेतली. वाटेतल्या प्रत्येक जागेचं नाव ती मला सांगत होती आणि मी आकडा सांगत होते. कंडक्टरने विचारलं, मावशी, सून का? ती म्हणाली, “नाही. हे लिव्हनारी.”

फाट्यावर गाडी बदलली. देवीच्या पायऱ्या चढताना दर पन्नास पायऱ्यांवर तिची नाडी बघितली. वर पोचलो तेव्हा तिची १०४ होती, माझी ११८. ती म्हणाली, रोज्यानं वाळली तू. दर्शनाला मी बाहेर थांबले. ती नारळाचा अर्धा भाग घेऊन आली आणि ‘खाय’ म्हणाली. खाल्ला. उतरताना समोरच्या डोंगरावरचा दर्गा दाखवून म्हणाली, तुयं राह्यलं असंन तर तिकडेही जाऊ, बॅग भरलेली हाय. गेलो. तिथेही पायऱ्या आहेत.

परत आल्यावर सुट्टी असूनही चौकीत गेले. नोंदवही काढली. १८ मार्च, कुठून तांडा, कुठे माहूर. शेऱ्याच्या दीड इंचात जागा पुरली:

‘प्रवास पूर्ण. २ एप्रिल, ११:४०. रुग्ण उत्तम.’